रिटायरमेंटनंतरचं पहिलं वर्ष

अभिनंदन दोघांचं! पहिली चूक आम्हीपण केली, सहा महिन्यांत चार टूर कोंबल्या आणि महाबळेश्वरला हिचा गुडघा जो धरला तो दिवाळीपर्यंत. त्यामुळे आधी एवढंच करा:

१) कॅलेंडरवर पहिले गणपती, लग्नं-मुंजी टाका, मग उरलेल्यात फिरा. कोकणच्या गाडीचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी ८ च्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसायचं, चहा नंतर, नाहीतर वेटिंग ठरलेलंच.

२) शुगर-बीपी जायच्या आधी तपासा, आल्यावर नाही.

३) छंद एकेकच धरा, वेगवेगळा असला तरी चालतो. हिचं भजनी मंडळ, माझा शिवाजी पार्कचा कट्टा.

परदेशाचं पुढच्या वर्षी बोलू. सध्या एसटी बरी, ६५ पूर्ण असतील तर हाफ तिकीट, वहिनींना तसंही अर्धंच.