कॅरिबियन कादंबऱ्यांत पिढीजात जखमा आणि लैंगिक ओळख सारख्या एकत्र का येतात? सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

शानी मूटू यांच्या ‘सीरियस ब्लूम्स ॲट नाइट’पासून (१९९६) करा. ‘का’चं उत्तर मात्र तटस्थपणे देणं मला जमणार नाही, कारण याच कादंबरीवरून आमच्या वाचनगटात माझं एका निवृत्त प्राध्यापकांशी कडाक्याचं वाजलंय.

सरांचं म्हणणं असं, की कादंबरीतली सारा ही लॅव्हिनिया नावाच्या बाईबरोबर पळून गेली म्हणून तिचा नवरा चंदिन बिघडला आणि पोटच्या मुलींवर अत्याचार करू लागला. वर, “आई असून मुलींना टाकून गेलीच कशी?” अर्ध्या गटाने माना डोलावल्या.

मी म्हटलं, सर, आधीची पानं वाचलीत का? चंदिन उसाच्या मळ्यावरच्या गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या, मजुराचा मुलगा. गोरा पाद्री त्याला शिकवायला म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतो, ख्रिस्ती करतो. लॅव्हिनिया त्याच पाद्र्याची मुलगी. चंदिन तिच्या प्रेमात पडतो, तर पाद्री सुनावतो, ती तुझी बहीण! घरचा म्हणवायचा, पण जावई करायचा नाही. मग साराशी लग्न, म्हणजे दुधाची तहान ताकावर. आणि पळताना मुलींना न्यायचं ठरलेलंच असतं. ऐन वेळी चंदिन घरी येतो म्हणून त्या मागे राहतात.

सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “तरीसुद्धा.” अजून डोक्यात जातं ते.

तर आधी मळा, मग मिशन, मग अत्याचार. त्या घरातून सुटायची एकच वाट दिसते, ती दोन बायकांच्या प्रेमाची. म्हाताऱ्या मालाची, म्हणजे त्यातल्या थोरल्या लेकीची, गोष्ट सांगणारा टायलरही ‘बायकी’ म्हणून हिणवला जाणारा नर्स आहे, ते उगाच नाही. इंग्रज गेले, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे राहिले: जमैकात १८६४ चा कायदा अजून चालू आहे, त्रिनिदादमध्ये २०१८ साली न्यायालयाने तसली कलमं घटनाबाह्य ठरवली, २०२५ मध्ये अपिलात निकाल फिरला.

जमैकासाठी निकोल डेनिस-बेन यांची ‘हिअर कम्स द सन’ (२०१६) घ्या. तिथे आईच लेकीला परक्या पुरुषाला विकते.

हां, मळा-मिशन सांगितलं म्हणून चंदिनला माफी नाही. गिरमिटाच्या पोटी जन्मलेले सगळे काही असे निपजले नाहीत. शिवाय मूटूंचं बेट काल्पनिक आहे, त्रिनिदाद ओळखू येत असलं तरी.

गटात वाचणार असाल तर चंदिनच्या लहानपणाची पानं आधी मोठ्याने वाचून घ्या. आणि कुणी “आई असून” म्हणालंच, तर बाप असून त्याने काय केलं ते आधी विचारा.