सुरी शेवटी

प्रिय पोरी,

‘सी ॲनिमोन कापला तर आत नुसता गोळा, आकृतीतलं काहीच नाही, माझ्या हाताला हे जमणारं नाही,’ असं लिहिलंस. हाताचा काय संबंध? खडकाला चिकटून फुलासारखा उमलणारा हा प्राणी, तो तू जिवंतच थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकलास. त्याने अंग आक्रसलं, स्पर्शिका आत ओढल्या, पोटातले उभे पडदे एकमेकांवर चेपले. आता सुरी कितीही धारदार असो, गोळाच कापला जाणार.

आधी त्याला उमलू दे. बशीत समुद्राचं पाणी, अंधार, आणि धक्का लावायचा नाही. नीट फुलला की गुंगी यावी म्हणून पाण्यावर मेंथॉलचे खडे टाक, नाहीतर साडेसात टक्के मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण थोडं थोडं सोड. स्पर्शिकेला सुई लावून बघ. हलली तर थांब. तासन्‌तास जातील, जाऊ देत. सुरी शेवटी!

मग घशाच्या पातळीवर आडवा छेद घे. पडदे जोडीजोडीने उभे दिसतील. जोडीतले स्नायूंचे फुगवटे एकमेकांकडे तोंड करून असतात. फक्त घशाच्या खोबणीपाशी असलेल्या जोडीत पाठ फिरवलेली. हे एकदा पाहिलंस की आकृती घोकावी लागत नाही.

जेलीफिशला तर सुरी जवळजवळ लागतच नाही. ऑरेलिया जातीची जेलीफिश काळ्या ताटात पाण्यात उताणी ठेव, पिपेटने जठरात पातळ शाई सोड, नलिका आपोआप रंगतात. जॉर्ज रोमेन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1870च्या दशकात कात्री चालवली ती जिवंत जेलीफिशवर. काठावरची संवेदी अंगं छाटली की छत्रीची धडधड थंडावते, हे बरणीतल्या नमुन्याने त्याला कधी सांगितलं असतं का?

मला विभागात ‘संथ’ म्हणायचे. माझी बॅच बशीकडे बघत बसलेली, जर्नलं अपुरी. बढतीच्या वेळी तेच आडवं आलं, त्याची खंत आहेच. पण शेजारची बॅच आकृती उतरवायची आणि माझी पोरं पडदे मोजायची. बरोबर कोण, ते तूच ठरव. ठरवायचं काय त्यात, मीच बरोबर होतो.

आणि यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2011 पासून विच्छेदनं आवरायला सांगितलंय. म्हणजे हाती आलेला एकेक जीव घाईत वाया घालवायला तुला सवडच नाही.

येत्या अमावास्येच्या ओहोटीला खडकांतल्या डबक्यांकडे जा. एकच आण. खरवडून काढू नकोस, बुडाची चकती फाटते. लहान दगडावरचा बघून दगडासकट उचल.