वाचकांचे प्रश्न : मॅकग्रेगर, बंदी घातलेले एक आडनाव

प्रश्न : स्कॉटलंडच्या इतिहासाबद्दल वाचताना ‘मॅकग्रेगर’ हे आडनाव वारंवार समोर येते. या आडनावाचा अर्थ काय? हे घराणे प्राचीन राजवंशातून आले असे सांगितले जाते, ते कितपत खरे मानावे?

उत्तर : स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील जुन्या गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा, त्यामुळे मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. ‘ग्रेगर’ हे लॅटिनमधील ‘ग्रेगोरियस’ या नावाचे स्कॉटिश रूप असून त्यामागच्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जागा असलेला, सावध’ असा होतो. अनेक पोपनी हे नाव धारण केल्यामुळे ते ख्रिस्ती जगात सर्वदूर रुजले होते. सुरुवातीला अशी नावे आडनावे नव्हतीच. ती फक्त बापाचे नाव सांगत आणि पुढच्या पिढीत बदलत. मुलीच्या नावामागे तर ‘मॅक’ लागतही नसे, तिच्यासाठी गेलिकमध्ये ‘निक’ असे वेगळे रूप आहे. ज्या पिढीपासून ‘ग्रेगरचा मुलगा’ याचा अर्थ ‘ग्रेगर नावाच्या पूर्वजाच्या कुळातला’ असा होऊ लागला, त्या पिढीपासून ते आडनाव झाले.

राजवंशाच्या दाव्याचे म्हणाल, तर ‘माझा वंश राजवंश आहे’ अशा अर्थाचे गेलिक वाक्य हे या कुळाचे बोधवाक्यच आहे. नवव्या शतकातील राजा केनेथ मॅकअल्पिन याचा भाऊ ग्रेगर हा आपला मूळपुरुष, अशी कुळाची परंपरा आहे. मात्र त्या राजापासून कागदोपत्री ठामपणे सापडणाऱ्या पहिल्या कुळप्रमुखापर्यंत सुमारे पाच शतकांचे अंतर आहे. हा प्रमुख म्हणजे ग्लेन ऑर्की या दरीतला एकाक्ष इयन, ज्याचा मृत्यू 1390 साली झाला. परंपरेनुसार त्याच्या वडिलांचे नाव ग्रेगर होते आणि त्यांना ‘सोनेरी लगामांचा ग्रेगर’ म्हणत. आडनावातील ग्रेगर तो हाच असावा, हे मला अधिक पटते. राजवंशाची कथा हा त्या लोकांच्या स्वाभिमानाचा भाग आहे आणि तेवढ्यापुरती ती आदराने ऐकावी, पण वंशावळीचा पुरावा म्हणून ती वापरता येणार नाही.

प्रश्न : स्कॉटलंडचा प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर आपल्या कागदपत्रांवर ‘कॅम्बेल’ असे आडनाव लावत असे, असे वाचले. कॅम्बेल हे कुळ तर मॅकग्रेगरांचे शत्रू होते. मग त्याने ते आडनाव का घेतले?

उत्तर : कारण त्याचे स्वतःचे आडनाव लावणे कायद्याने गुन्हा होता. हे कसे घडले ते समजण्यासाठी जमिनीपासून सुरुवात करावी लागते.

मॅकग्रेगरांचा मूळ मुलूख म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातील ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे या दऱ्या. तेथे ते पिढ्यानपिढ्या राहत होते, पण चौदाव्या शतकापासून राजाच्या सनदा मिळत गेल्या त्या कॅम्बेलांना. ज्यांच्याकडे सनद ते मालक ठरले आणि ज्यांच्याकडे फक्त वहिवाट होती ते आपल्याच दरीत दुसऱ्याच्या मर्जीवर राहणारे झाले. पुढच्या दोन शतकांतील गुरे पळवणे, जाळपोळ आणि सूडाच्या हत्या यांकडे केवळ दरोडेखोरी म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. उपजीविकेची जमीन पायाखालून काढून घेतलेल्या माणसांची ती कृत्ये होती. बळी पडलेल्यांचे दुःख त्यामुळे कमी होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

या वैराची सर्वांत करुण खूण एका विलापगीतात राहिली आहे. कुळप्रमुख ग्रेगर रॉय याचा 1570 साली ग्लेन ऑर्कीच्या कॅम्बेल सरदाराने शिरच्छेद केला. ग्रेगरची पत्नी मॅरियन ही स्वतः कॅम्बेल घराण्यातील होती. माहेरच्या माणसांनी मारलेल्या पतीसाठी तिने रचले असे मानले जाणारे ते गीत अंगाईच्या चालीवर आपल्या तान्ह्या मुलाला उद्देशून आहे आणि गेलिक भाषकांत ते आजही गायले जाते. ही दोन कुळे परस्परांत विवाहसंबंध असलेली होती, एवढे लक्षात घेतले की शत्रुत्वाचे चित्र पुस्तकात दिसते तितके सरळ राहत नाही.

निर्णायक घटना 7 फेब्रुवारी 1603 रोजी घडली. लोमंड सरोवराजवळील ग्लेन फ्रून या दरीत, मॅरियनचा मुलगा, ग्लेन स्ट्रेचा अलास्डेर मॅकग्रेगर याच्या माणसांनी लसच्या कलहून कुळाचा मोठा पराभव केला. कलहूनांकडे राजाचे अधिकारपत्र असल्यामुळे ही लढाई राजाविरुद्धचे बंड ठरली. 3 एप्रिल 1603 रोजी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, ‘मॅकग्रेगर’ हे नावच रद्द केले. त्या नावाच्या प्रत्येकाने दुसरे आडनाव घ्यावे, अन्यथा मृत्युदंड, असा तो हुकूम होता. त्यानंतर दोनच दिवसांनी राजा सहावा जेम्स इंग्लंडचा मुकुट स्वीकारण्यासाठी एडिंबरो सोडून लंडनकडे निघाला. जाण्यापूर्वी उरकायच्या कामांत एका कुळाचे नाव पुसणे हे एक काम होते.

अलास्डेर काही महिने लपून राहिला. आपल्याला स्कॉटलंडबाहेर सुखरूप पोचवू, असे वचन कॅम्बेलांचा प्रमुख असलेल्या आर्गाइलच्या अर्लने (सरदाराने) दिल्यावर तो स्वाधीन झाला. अर्लने वचन अक्षरशः पाळले: त्याला सीमेपलीकडे इंग्लंडच्या भूमीवर नेले, तेथून लगेच परत आणले आणि 20 जानेवारी 1604 रोजी एडिंबरोत त्याला फाशी झाली.

त्यानंतरचे निर्बंध बारकाईने वाचण्यासारखे आहेत. पूर्वी मॅकग्रेगर असलेल्यांनी चारपेक्षा अधिक संख्येने एकत्र येऊ नये, जेवणाचे मांस कापायच्या टोक नसलेल्या सुरीखेरीज कोणतेही शस्त्र बाळगू नये, असे हुकूम निघाले. 1617 मध्ये संसदेने ही बंदी पुढच्या पिढीलाही लागू केली. 1633 च्या कायद्याने तर पाद्र्यांना मुलाच्या बाप्तिस्म्यात ‘ग्रेगर’ हे नाव ठेवण्यास मनाई केली. जमिनीच्या कागदांत ज्यांना जागा मिळाली नव्हती, त्यांना आता जन्माच्या नोंदीतही जागा उरली नाही.

लोकांनी मग जो आसरा देईल त्याचे आडनाव घेतले: मरे, ड्रमंड, ग्रँट, ग्रॅहम, स्ट्युअर्ट आणि कॅम्बेलसुद्धा. काहींनी नुसते ‘ब्लॅक’ किंवा ‘व्हाइट’ लावले. दुसऱ्या चार्ल्सने 1661 मध्ये, कुळाने राजपक्षाला दिलेल्या साथीबद्दल बंदी उठवली. राजा विल्यमच्या राजवटीत 1693 मध्ये ती पुन्हा आली. 1671 मध्ये कॅट्रिन सरोवराकाठच्या ग्लेनगाइल येथे जन्मलेला रॉब रॉय त्या वेळी ऐन तारुण्यात होता. त्याची आई मार्गारेट कॅम्बेल घराण्यातील, म्हणून सही करताना त्याने आईचे आडनाव घेतले. मॅकग्रेगर असण्याचा त्याग त्याने कधीच केला नाही. 1734 मध्ये तो वारला तेव्हाही बंदी कायम होती. आज बाल्क्विडर येथील त्याच्या कबरीवर मात्र मॅकग्रेगर हेच नाव आहे.

बंदी अखेर 1774 मध्ये उठली. त्यानंतर 826 कुळबांधवांनी सह्या करून एका व्यक्तीला आपला प्रमुख मानले, आणि त्या प्रमुखाचे आडनाव तेव्हाही मरे होते. त्याच्या घराण्याने ‘मॅकग्रेगर’ हे नाव राजाच्या परवान्याने पुन्हा धारण केले ते 1822 मध्ये. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबरोला आला असता स्कॉटलंडची राजचिन्हे मिरवणुकीतून नेताना त्यांच्या रक्षणाचा मान मॅकग्रेगरांना मिळाला.

प्रश्न : इंग्रजीत हे आडनाव दोन प्रकारे लिहिलेले दिसते, एकात ‘मॅक’ पूर्ण तीन अक्षरांत, दुसऱ्यात दोनच अक्षरांत. पहिला प्रकार स्कॉटिश आणि दुसरा आयरिश, असे म्हणतात. तसेच आडनाव मॅकग्रेगर असेल तर ती व्यक्ती त्या कुळाची वंशज समजावी का?

उत्तर : पहिला समज चुकीचा आहे. दोन अक्षरी रूप हा केवळ लेखनिकांचा संक्षेप असून दोन्ही देशांत दोन्ही रूपे आढळतात. एकाच माणसाच्या दोन नोंदींत दोन रूपे दिसणेही नेहमीचेच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सावधपणे द्यावे लागेल. कुळप्रमुखाच्या आश्रयाला आलेली कुटुंबे त्याचे नाव घेत, त्यामुळे आडनाव सारखे म्हणजे रक्त एक, असे कोणत्याच स्कॉटिश कुळाबाबत म्हणता येत नाही. मॅकग्रेगरांबाबत उलट बाजूही आहे: या कुळाचे खरे वंशज ग्रँट, मरे किंवा ब्लॅक म्हणून जगले आणि बंदी उठल्यावर सगळेच मूळ नावाकडे परतले नाहीत. अर्थात प्रत्येक ग्रँट हा लपलेला मॅकग्रेगर होता, अशी समजूतही करून घेऊ नये. ‘ग्रेग’सारखी आडनावे याच मूळ नावापासून निघाली असली, तरी ती स्कॉटलंडमध्ये अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाली. नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचे पणजोबा अठराव्या शतकात ॲबर्डीनशरमधून बर्गनला गेले, तेव्हा त्यांच्या आडनावाचे रूप असेच होते.

शोध घ्यायचाच असेल तर आजच्या पिढीपासून मागे जावे, ग्लेन ऑर्कीपासून पुढे येऊ नये. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 पासून सुरू झाली. त्याआधी चर्चच्या परगण्यांच्या वह्या पाहाव्या लागतात. डोंगराळ भागातील अशा वह्या बहुधा उशिरा सुरू झालेल्या आहेत. त्यांत 1774 च्या आधीची नोंद शोधताना केवळ आडनावावर विसंबू नये. गाव, शेताचे नाव आणि मुलांना दिलेली पहिली नावे जुळतात का ते पाहावे. एकाच शेतावरचे कुटुंब काही वर्षांच्या अंतराने एका आडनावाखालून दुसऱ्या आडनावाखाली गेलेले दिसले, तर तेथे थांबून ती पाने पुन्हा वाचावीत.