सांगलीत ३० बाय ४० च्या प्लॉटवर आई-वडील, दोघं नवरा-बायको आणि दोन मुलांसाठी घराचा नकाशा कसा आखावा?

खोल्या मोजण्याआधी जोत्याची उंची ठरवा. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या गल्लीत तेव्हा पाणी कुठवर आलं, हे शेजारच्या जुन्या माणसांना विचारा. भिंतीवरची खूण ते हात लावून दाखवतील. मीटर, इन्व्हर्टर आणि प्लगपॉइंट त्या खुणेच्या वरच घ्या.

आई-वडिलांची खोली तळमजल्यावरच हवी, बाथरूम लागून, दार पूर्ण तीन फुटी. पण पुरात त्यांना वर न्यावंच लागेल. म्हणून जिना घरातूनच काढा, साडेतीन फूट रुंद, पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको, दोन्ही बाजूंना कठडा. इथे जागा वाचवू नका, अगदी हॉल दोन फूट लहान झाला तरी चालेल. वर एक खोली, संडास आणि स्वयंपाकाचा छोटा ओटा असू द्या.

पश्चिमेला जिना आणि बाथरूम टाका, म्हणजे एप्रिल-मेचं दुपारचं ऊन झोपायच्या खोल्यांवर येत नाही.

सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, किती सोडायचं, ते महापालिकेत विचारूनच अंतिम रेघ मारा.