सूक्ष्मशैवालाला नत्र कोणते आणि किती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : क्लोरेला या हिरव्या सूक्ष्मशैवालाच्या माध्यमात (पोषक द्रावणात) सोडियम नायट्रेटऐवजी अमोनियम सल्फेट वापरले. सुरुवातीला वाढ जोमात झाली, पण काही दिवसांतच संवर्धन फिके पडले आणि पेशी तळाशी बसल्या. क्लोरेलाला अमोनियम मानवत नाही का?

मानवते. दोन्ही रूपे उपलब्ध असली तर बहुतेक प्रजाती आधी अमोनियमच उचलतात, कारण त्याचे थेट अमिनो आम्ल बनवता येते. नायट्रेट मात्र आधी नायट्राइटमध्ये आणि मग अमोनियममध्ये रूपांतरित करावे लागते, आणि त्यासाठी नायट्रेटच्या प्रत्येक आयनामागे आठ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. तुम्हाला दिसलेला सुरुवातीचा जोम या बचतीतूनच आला असावा.

पुढे जे बिघडले, त्यात बहुधा नत्राचा दोष नसून सामूचा (पीएचचा, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापाचा) आहे. अमोनियम आत घेताना पेशीतून हायड्रोजन आयन बाहेर पडतात आणि माध्यम आम्लधर्मी होत जाते. नायट्रेट घेताना नेमके उलट घडून सामू चढतो. बफर (सामू स्थिर ठेवणारे क्षार) कमी असलेल्या गोड्या पाण्याच्या माध्यमात अमोनियम सल्फेट हाच एकमेव नत्रस्रोत असेल, तर सामू 7 वरून 4 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरू शकतो. म्हणून नत्राचे दोन स्रोत ताडून पाहायचे असतील, तर दोन्ही भांड्यांतला सामू रोज मोजून एकाच पातळीवर राखला पाहिजे. अन्यथा ती तुलना नत्राची न राहता आम्लतेची होते. छापील अहवालांतही ही दक्षता नेहमी घेतलेली दिसत नाही, तेव्हा ‘अमोनियमवर वाढ खुंटते’ असे वाचनात आले की सामू स्थिर ठेवला होता का, हे आधी पाहावे. व्यवहारात अमोनियम थोड्या थोड्या मात्रेत द्यावे आणि सामू उतरू लागताच सोडियम बायकार्बोनेटने तो सावरावा.

प्रश्न : स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शैवालासाठी नायट्रेटच्या जागी युरिया चालेल का? तेवढ्याच नत्राचा हिशेब करून घातला, तर टाकीला उग्र वास येऊन संवर्धन मेले.

युरिया चालतो, पण एकदम नाही. स्पिरुलिनासाठी प्रचलित असलेल्या झारूक माध्यमात लिटरमागे 16.8 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि 2.5 ग्रॅम सोडियम नायट्रेट असते. त्या नायट्रेटमधील नत्र सुमारे 412 मिलिग्रॅम भरते, म्हणजे हिशेबाने 0.88 ग्रॅम युरिया. हिशेब बरोबर असला तरी युरियाचे विघटन होऊन अमोनिया सुटतो, आणि पुढचे सगळे सामूवर ठरते. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल, तर एकूण अमोनियाकल नत्रापैकी (अमोनियम आणि मुक्त अमोनिया मिळून) एक टक्क्याहूनही कमी भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो. सामू 10 असेल, तर हाच भाग सुमारे 85 टक्के होतो. स्पिरुलिनाची टाकी साधारण याच सामूला चालते. मुक्त अमोनिया पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि प्रकाशसंश्लेषण बंद पाडतो. तुम्हाला आलेला उग्र वास त्याचाच. त्या वासाबरोबर तुमचे नत्रही हवेत उडून जात होते.

म्हणून युरिया द्यायचा तर संवर्धन दाट असताना, सकाळी, वापरला जाईल एवढाच रोज द्यावा. नवे, विरळ बीज घातलेल्या टाकीला सुरुवातीला नायट्रेटच द्यावे, कारण नायट्रेट साचून राहिले तरी पेशींना इजा करत नाही.

प्रश्न : समुद्री शैवाल एफ/2 या समुद्री पाण्याच्या प्रचलित माध्यमात आठवडाभरातच वाढायचे थांबते. प्रकाश वाढवू का?

प्रकाशाआधी बेरीज-वजाबाकी करून पाहू. कोरड्या जैवभारात (वाळवलेल्या शैवालाच्या वजनात) नत्र साधारण 8 टक्के धरले, तर लिटरमागे एक ग्रॅम जैवभारासाठी 80 मिलिग्रॅम नत्र लागते. एफ/2 मध्ये लिटरमागे 75 मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट असते आणि त्यातून फक्त 12 मिलिग्रॅमच्या आसपास नत्र मिळते. एवढ्यावर लिटरमागे सुमारे 150 मिलिग्रॅम जैवभार तयार होईल; उपासमारीत पेशी थोडी ताणून घेतील, एवढेच. याउलट गोड्या पाण्यासाठीच्या बीजी-11 माध्यमात लिटरमागे 1.5 ग्रॅम सोडियम नायट्रेट असल्याने त्यातले नत्र तीन ग्रॅम जैवभाराला पुरते. दोन्ही माध्यमे आपापल्या जागी योग्यच आहेत, फक्त एफ/2 कडून दाट संवर्धनाची अपेक्षा ठेवू नये.

मात्र एकटे नायट्रेट वाढवून भागत नाही. त्याच प्रमाणात फॉस्फेट, लोह आणि इतर सूक्ष्म अन्नद्रव्ये वाढवावी लागतात, आणि डायटम (सिलिकाचे कवच असलेले शैवाल) असतील तर सिलिकेटही. त्यानंतर कार्बनची चणचण भासते. जैवभाराचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, तर समुद्राच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला अकार्बनी कार्बन 25 मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. बाकीचा हवेच्या बुडबुड्यांतून किंवा वेगळ्या कार्बन डायऑक्साइडमधून यावा लागतो.

प्रश्न : तेलाचे प्रमाण वाढवण्यासाठी पहिल्या दिवसापासूनच नत्र कमी ठेवावे का?

नाही. नत्र तोडल्यावर अनेक प्रजातींत तेलाचा टक्का वाढतो हे खरे, पण पेशीविभाजन मंदावते. समजा, पुरेशा नत्रावर लिटरला 1 ग्रॅम जैवभार मिळाला आणि त्यात 20 टक्के तेल असले, तर तेल 200 मिलिग्रॅम झाले. उपाशी ठेवून 0.4 ग्रॅम जैवभार आणि 40 टक्के तेल मिळाले, तर ते 160 मिलिग्रॅमच भरते. टक्का दुप्पट होऊनही हाती कमीच आले. त्यामुळे आधी भरपूर वाढ आणि मग उपासमार, असे दोन टप्पे करणे श्रेयस्कर. शिवाय काही प्रजाती तेलाआधी स्टार्च साठवतात, त्यांच्याबाबत घाई करून उपयोग नाही.

या काळात हिरव्या रंगावरून वाढीचा अंदाज बांधू नये. उपाशी पेशी आपले हरितद्रव्य मोडून त्यातले नत्र वापरतात, त्यामुळे 680 नॅनोमीटर तरंगलांबीला (हरितद्रव्य शोषते त्या लाल प्रकाशात) घेतलेले प्रकाशशोषणाचे मापन घसरते, पण जैवभार वाढतच असू शकतो. मापन 750 नॅनोमीटरला, म्हणजे हरितद्रव्य प्रकाश जवळपास शोषत नाही तिथे, घ्यावे आणि अधूनमधून नमुना गाळून, वाळवून त्याचे वजन करावे.

प्रश्न : जास्तीचे फॉस्फेट घातले तर काही बिघडते का?

फारसे नाही. शैवाल गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट उचलून पॉलिफॉस्फेटच्या रूपात साठवते आणि पुढच्या काही विभाजनांत वापरते. मात्र सामू चढला की ते कॅल्शियमबरोबर साका होऊन तळाशी बसते आणि पेशींना मिळत नाही. म्हणून दाट माध्यम बनवताना फॉस्फेटचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून थंड झाल्यावर मिसळावे, आणि लोह ईडीटीएसोबत (लोह विरघळलेले ठेवणाऱ्या रसायनासोबत) द्यावे.