सहा वर्षांच्या मुलीला माया लोकांचे ठिपक्या-रेघांचे अंक कसे समजावून सांगू?

मेक्सिको-ग्वाटेमालातल्या माया लोकांचे हे अंक मुलीने चित्रांच्या पुस्तकात पाहिले, आता रोज विचारते, आणि तुम्ही 'वीसचा पाया' या शब्दांपाशी अडलात. ते शब्द सोडूनच द्या. वही-पेन्सिलही सुरुवातीला नको. मूठभर चिंचोके, तुराटीचे बोटभर तुकडे आणि दोन-चार कवड्या घ्या. कवड्या तुळजापूरला सहज मिळतात.

मी परभणी जिल्ह्यात पहिली-दुसरीला शिकवते. पोरांना हे हातानेच कळतं.

चिंचोका म्हणजे ठिपका, त्याची किंमत एक. तुराटीची काडी म्हणजे रेघ. पाच चिंचोके झाले की ते उचलायचे आणि एक काडी आडवी ठेवायची. हे पोरं लगेच धरतात. तीन काड्या, चार चिंचोके म्हणजे १९. तिथवर तिला एकटीला जाऊ द्या.

खरं शिकणं पुढच्या चिंचोक्याला आहे. फरशीवर खडूने एकावर एक दोन घरं आखा. खालच्या घरात चौथी काडी होऊ द्यायची नाही. ते घर रिकामं करायचं आणि वरच्या घरात एकच चिंचोका ठेवायचा. तो २० चा. तोच चिंचोका खाली एक आणि वर वीस कसा, म्हणून ती थांबेल. थांबू द्या, घाईने सांगू नका. स्थानाची किंमत तिला तिथेच उमगणार आहे. मग रिकाम्या घरात कवडी ठेवा. माया लोक शून्यासाठी शिंपल्यासारखी आकृती काढत.

वीसच का, असं ती विचारेलच. हातापायांची बोटं मोजायला लावा. आणि घरात आजी असतील तर त्यांना गोवऱ्या मोजायला बसवा. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बाया अजून विसांनी मोजतात. 'दोन विसा नि पाच' असं आजी म्हणाल्या की मुलीने वर दोन चिंचोके, खाली एक काडी ठेवायची. झाले ४५. त्या माया लोकांची मांडणी आणि आजीची मोजणी एकच आहे, हे पोरीच्या लक्षात यावं असं मला मनापासून वाटतं. ते लोक तिला विचित्र वाटायला नकोत.

वरचं घर वीसवर भरलं की तिसरं घर, ४०० चं. तारखा मोजताना मात्र ते दुसरं घर १८ लाच भरलं असं धरत, म्हणून तिसरं ३६० चं होई. हे आत्ता सांगू नका, चौथी-पाचवीत गेल्यावर सांगा.