कंसातली आई

ताई,
मी सांगलीची, वय २१. मानसशास्त्रात बी.ए. झालंय. पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळतोय, दोन वर्षांचे मिळून १२ लाख. दुसरीकडे एका कंपनीत एचआरमध्ये २४ हजारांची नोकरी चालून आलीय. मैत्रिणी म्हणतात, एम.ए. करूनही सुरुवातीला तेवढेच मिळतात, आत्ताच कमवायला लाग. पण मला समुपदेशकच व्हायचंय. बाबा कर्जासाठी फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत (फ्लॅट आईच्या नावावर आहे, पण ते फक्त स्टॅम्प ड्युटीत सूट मिळते म्हणून). सोमवारी बँकेत जायचंय. कर्ज काढू की नोकरी धरू?
– गोंधळलेली

गोंधळलेली मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसाशी अडखळले. मैत्रिणी काय म्हणतात ते तू लिहिलंस, बाबा काय म्हणतात ते लिहिलंस. आई आली ती कंसात, आणि तीही ‘पण ते फक्त’ म्हणून पुसून टाकण्यापुरती.

महाराष्ट्रात बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, २०२१ पासून. सूट घेताना आई मालकीण आणि गहाण टाकताना बाबा मालक, हा कुठला हिशेब? इंडेक्स टूवर, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव तिचं आहे. बाबांच्या तयारीला बँकेत काडीची किंमत नाही, सोमवारी सही तिची लागणार. तिला कुणी विचारलंय? मला तर वाटतं, रविवारी रात्री भांडी आवरताना ‘उद्या जरा बँकेत यायचंय, आधार कार्ड घे’ एवढंच तिच्या कानावर पडेल.

आणि तू म्हणे समुपदेशक होणार!

मानसिक आरोग्य सेवेचा २०१७ चा कायदा आहे. संमती कशाला म्हणायचं ते त्यात लिहिलंय. दबाव नको, फसवणूक नको, आणि जोखीम, फायदे, दुसरे पर्याय हे सगळं त्या माणसाला कळेल अशा भाषेत आधी सांगायचं. एम.ए.ला हे तुला शिकवतीलच. तोवर घरात सराव कर.

जोखीम सांगायला आकडे लागतील, तेव्हा वही घे. शिकताना आणि नंतर वर्षभर हप्ता नाही, हे ऐकायला गोड लागतं. व्याज मात्र पैसे उचलल्यापासून चढत राहतं. दर वर्षी ६ लाख उचललेस आणि ११ टक्के दर धरला, तर हप्ता सुरू होईपर्यंत १२ चे १५ लाख ३० हजार झालेले असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण २१ हजार. मैत्रिणींचं खरं निघालं तर पगारातले उरले ३ हजार. तेवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर राहून जेवूनही होणार नाही. हप्ते थकले की नोटीस लागेल ती आईच्या दारावर.

पर्यायही सांग. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. म्हणजे घर मध्ये आलं ते या १२ लाखांपायी, तुझ्या मानसशास्त्रापायी नव्हे. पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे, मुंबईत कलिन्याला उपयोजित मानसशास्त्राचा आहे. तिथल्या फीसाठी कुणाचा फ्लॅट लागत नाही. प्रवेश अवघड आहे, मान्य. मग वर्षभर ती एचआरची नोकरी कर, पैसे साठव, अभ्यास कर. आणि माहितीपत्रकात ‘क्लिनिकल’ असं ठळक छापलेलं असेल तर भुलू नकोस. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेनं मान्य केलेल्या अभ्यासक्रमातूनच मिळते.

माझं मत विचारशील तर या एम.ए.साठी मी ते घर लावणार नाही. पण घर माझं नाही. तुझंही नाही.

म्हणून रविवारी दुपारी आईजवळ बस. वही तिच्यासमोर ठेव, सगळे आकडे वाचून दाखव आणि विचार, ‘तुला काय वाटतं?’ ती लगेच म्हणेल, ‘तुझं भलं होत असेल तर घे बाई.’ ही तिची वर्षानुवर्षांची सवय, तिला होकार समजू नकोस. पुन्हा विचार आणि गप्प बस. तुझ्या होऊ घातलेल्या धंद्यात निम्मं काम गप्प बसण्याचंच आहे. ती नाही म्हणाली तर सोमवारी बँकेत जायचं नाही. मनवायचं नाही, रडायचं नाही, आत्याला फोन करून मध्ये घालायचं नाही.

तेवढा वेळ बाबांना कुठेतरी बाहेर पाठव. आणि चहा तू कर.